मराठा पलटणीचा गोलरक्षक : शंकर लक्ष्मण

१/ ऑलिंपिक हॉकीच्या सलग तीन अंतिम सामन्यांत भारताचा गोल राखणारा खेळाडू सैन्यात भरती झाला तो बँडवादक म्हणून. शंकर लक्ष्मण यांच्या कारकिर्दीत भारतीय हॉकीच्या वैभवाबरोबरच आणखी एका प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे : त्या काळी खेळाडूचा संसार चालत होता कशावर?

२/ जन्म ७ जुलै १९३३, महू. पहिली ओढ फुटबॉलची. १९४७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते सैन्यात दाखल झाले. मराठा लाइट इन्फन्ट्री ही त्यांची पलटण. तिचे केंद्र बेळगावात. हॉकीकडे ते वळले सैन्यात आल्यावर.

३/ तेव्हाचे ऑलिंपिक केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. उत्तर अमेरिकेत आइस हॉकीच्या गोलरक्षकाला क्लब पगार देत असे. भारतात व्यावसायिक लीग नव्हती. येथे तो भार सैन्य, रेल्वे आणि पोलीस यांनी उचलला. खेळाडू कागदोपत्री हौशी राही. चूल मात्र सरकारी नोकरीवर पेटे.

४/ जोखीम दोन्हीकडे सारखीच. आइस हॉकीत जॅक प्लांट यांनी १ नोव्हेंबर १९५९ रोजी चेहऱ्यावर चकती आदळल्यानंतर मुखवटा घालून खेळण्याचा आग्रह धरला आणि पायंडा पडला. मैदानी हॉकीतही गोलरक्षक पायांना पॅड बांधून, पण उघड्या चेहऱ्याने कठीण चेंडूसमोर उभे राहत.

५/ मेलबर्न, १९५६ : भारताने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल स्वीकारला नाही. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-० असा विजय.
रोम, १९६० : नसीर बुंदा यांचा एक गोल, ०-१ अशी हार. १९२८ पासूनची सलग सहा सुवर्णपदकांची मालिका तेथे खंडित झाली.

६/ टोकियो, २३ ऑक्टोबर १९६४ : पुन्हा पाकिस्तान. मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. त्यानंतर पाकिस्तानने बरोबरीसाठी हल्ल्यांवर हल्ले चढवले. शंकर लक्ष्मण यांनी ते सारे परतवले. निकाल १-०. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला.

७/ १९५८ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला रौप्यावर थांबावे लागले होते. १९६६ मध्ये बँकॉक येथे संघाचे नेतृत्व शंकर लक्ष्मण यांच्याकडे आले आणि भारताने आशियाई हॉकीचे पहिले सुवर्ण जिंकले. १९६७ मध्ये पद्मश्री. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिक संघात मात्र त्यांना स्थान मिळाले नाही.

८/ १९७९ मध्ये ते कॅप्टन हुद्द्यावरून निवृत्त झाले. बँडवादकाला अधिकारपदापर्यंत नेणारी शिडी पलटणीची होती. हॉकीपाशी स्वतःची अशी शिडी नव्हतीच. अखेरच्या काळात पायाच्या गँग्रीनने त्यांना ग्रासले, पैशांची ओढाताणही होती. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथे त्यांचे निधन झाले.

९/ म्हणून भारतीय हॉकीच्या सुवर्णकाळाचा इतिहास वाचताना पदकांच्या यादीशेजारी पलटणींची आणि रेल्वेची हजेरीपत्रकेही ठेवावी लागतात. देशासाठी गोल राखणाऱ्यांचे नाव प्रथम तेथे लागले होते.