पर्समधली कुपी

हळदीकुंकवाला गेले की मनगटावर अत्तराचे बोट लागते आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडले जाते. अत्तरदाणी घरची, हात यजमानीणबाईंचा. पण आपल्याच पर्समधून इवलीशी कुपी काढून आपले आपण अत्तर लावावे, ही चाल आली कोठून? भगिनींनो, तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि तो नुसता नटण्यामुरडण्याचा नाही.

अठराव्या शतकात युरोपातील स्त्रिया घोळदार झग्याच्या आत कमरेला खिसे बांधीत. शतकाच्या अखेरीस झगे तलम आणि अंगासरसे झाले, खिशांना जागा उरली नाही. तेव्हा हातात धरायचा छोटा बटवा प्रचारात आला. आजच्या पर्सचा तो पूर्वजच म्हणायचा. त्या बटव्यात पुष्कळदा चांदीची चिमुकली डबी असे. तिला व्हिनेग्रेट म्हणत. आत सुगंधी शिरक्यात भिजवलेला स्पंजाचा तुकडा, त्यावर नक्षीदार जाळी. शिरक्याने चांदी खराब होऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा देत. इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे कारागीर या कामात नामांकित होते. रस्त्यावरची घाण असह्य झाली किंवा आवळलेल्या कॉर्सेटने घेरी आली, की डबी नाकाशी धरायची. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात दुतोंडी काचेच्या कुप्या निघाल्या. एका बाजूला सुगंध, दुसऱ्या बाजूला शुद्धीवर आणणारे क्षार!

हे सारे सुखवस्तू घरांतले. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये फ्रांस्वा कोती या सुगंध-व्यावसायिकाने निराळा विचार केला. सुगंध चांगला हवा, बाटली देखणी हवी आणि सामान्य स्त्रीला परवडेल अशा लहान मापातही ती मिळायला हवी. देखणेपणासाठी त्याने रने लालिक या नामांकित जवाहिऱ्याची मदत घेतली. लालिकने पुढे काचकामातच कीर्ती मिळविली.

बाटली लहान केली म्हणजे काम संपले नाही. अशा विलायती अत्तरात मद्यार्क असतो, तो भराभर उडतो. शिवाय घासून बसविलेले काचेचे बूच टेबलावर शोभते, पण पर्समध्ये बाटली आडवी झाली की रुमालासकट सारे ओले! म्हणून पर्सच्या कुपीला फिरकीचे घट्ट झाकण आले.

१९२८ साली बूर्जवा कंपनीने 'ईव्हिनिंग इन पॅरिस' हा सुगंध काढला. तो सिद्ध करणारा एर्नेस्ट बो म्हणजे १९२१ च्या 'शानेल नंबर पाच'चाच कर्ता. गडद निळ्या काचेच्या त्या छोट्या कुप्या अमेरिकेत साध्यासुध्या दुकानांतून मिळत. काही तर बॅकेलाइटच्या घुबडाच्या पोटात घालून विकायला ठेवलेल्या असत! दुकानात किंवा कचेरीत काम करणारी मुलगी आपल्या पगारातून ती घेऊ शकत होती. आणि माझ्या मते खरी गोष्ट येथेच आहे. मोठी बाटली बहुधा भेट म्हणून यायची, म्हणजे कोणीतरी देईल तेव्हा. छोटी कुपी मात्र बाई स्वतः विकत घेऊ शके.

आमच्या मावशीच्या ट्रंकेत अशीच एक निळी कुपी होती. मावशी शाळेत शिक्षिका होती. पहिला पगार हाती आला तेव्हा सारा घरी दिला आणि त्यातले थोडे मागून घेऊन ही कुपी आणली. "एवढे पैसे वासावर घालवलेस?" असे घरात सगळ्यांनी विचारले. मावशी काही बोलली नाही. अत्तर तिने थेंबथेंब पुरविले. संपल्यावरही कुपी टाकली नाही, लुगड्यांच्या घडीत ठेवून दिली.

मावशी गेल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा वास कधीच उडून गेला होता. झाकण मात्र घट्ट लावलेले होते. ती कुपी आता माझ्या पर्समध्ये असते. रिकामीच असते, पण स्वतःच्या कमाईचे पैसे मोजताना हाताला लागली, की बरे वाटते.