सबवूफरखालचा पाट : हादरा अडवण्याचा साठ वर्षांचा इतिहास

होम थिएटरवरच्या मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता. "सबवूफरखाली फोम किंवा रबराचा रायझर ठेवला तर खालच्या मजल्यावरचे भांडायचे थांबतील का?" हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता आलं असतं, पण मग हा एपिसोड झालाच नसता. आणि खरं सांगायचं तर या साध्या पाटामागे बराच मजेशीर इतिहास आहे. (मी त्याला पाटच म्हणणार. जेवायला बसायचा असतो तसाच दिसतो तो.)

सुरुवात सबवूफरपासून होत नाही. ती होते रेकॉर्ड प्लेयरपासून, अमेरिकेत, आणि एका माणसापासून : एडगर विल्चर. शिक्षक माणूस. १९५४ साली त्याने हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्यासोबत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. तोपर्यंत खोल बास हवा असेल तर कपाटाएवढा स्पीकर घरात ठेवावा लागायचा. विल्चरने केलं काय, तर खोका पूर्ण बंद करून टाकला आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. 'एआर-१' हा त्यांचा पहिला स्पीकर पुस्तकांच्या शेल्फवर बसेल एवढा, पण बास मोठ्या स्पीकरला लाजवेल असा.

आता बघा, गंमत इथे आहे. घरोघरी बास आला, आणि त्याबरोबर जमिनीचा हादराही आला. रेकॉर्डची सुई मायक्रोनमध्ये मोजावी लागणारी नागमोडी वाचत असते. स्पीकर जमीन हलवतो, जमीन टेबल हलवते, टेबल सुई हलवतं, आणि सुईला वाटतं हे पण गाणंच आहे. ते परत ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला. असं चक्र सुरू झालं की खोलीत घुमणारा एक भसाडा आवाज वाढत जातो. अमेरिकेतल्या बहुतेक घरांची जमीन म्हणजे लाकडी तुळयांवर ठोकलेल्या फळ्या, त्यामुळे तिथे तर नुसतं चाललं तरी सुई उडायची.

याच विल्चरने १९६१ मध्ये 'एआर'चा टर्नटेबल आणला. त्यात फिरणारी तबकडी आणि सुईचा दांडा हे दोन्ही एकाच चौकटीवर बसवलेले, आणि ती चौकट तीन मऊ स्प्रिंगांवर तरंगणारी. मोटर मात्र बाहेरच्या भागावर, आणि दोघांना जोडणारा फक्त एक रबरी पट्टा. बाहेरच्या खोक्यावर हातोडी मारली तरी रेकॉर्ड वाजत राहते, असं प्रात्यक्षिक दाखवता येण्याजोगं ते यंत्र होतं. बास वाढवून प्रश्न निर्माण करणारा आणि तो सोडवणारा माणूस एकच. माझ्या मते ऑडिओच्या इतिहासात इतका जबाबदार इंजिनिअर विरळाच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. विल्चरने हादरा करणाऱ्याला वेगळं केलं नाही, हादरा सोसणाऱ्याला केलं. शहाणपण त्यातच होतं, कारण सुई हलकी आणि तिला मऊ स्प्रिंगवर टांगणं सोपं. लंडनमध्ये १९६०च्या दशकात सेंट जेम्सेस पार्क या भुयारी स्टेशनवर 'आल्बनी कोर्ट' ही इमारत बांधली, तेव्हाही रेल्वेला कुणी हात लावला नाही. अख्खी इमारतच रबराच्या ठोकळ्यांवर उभी केली.

हादरा करणाऱ्याकडे लोकांचं लक्ष गेलं ते सिनेमामुळे. नोव्हेंबर १९७४, युनिव्हर्सल स्टुडिओचा 'अर्थक्वेक'. लॉस एंजलिसमध्ये भूकंप होतो अशी गोष्ट, आणि प्रेक्षकांना तो अंगावर जाणवावा म्हणून 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा. सेरविन-वेगा कंपनीचे भलेमोठे बास हॉर्न थिएटरात पुढे-मागे मांडले. भूकंपाचा गडगडाट फिल्मवर नव्हताच. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर फक्त सूचना देणारे टोन होते. ते आले की थिएटरातलं यंत्र स्वतः खोल गोंगाट तयार करायचं, कानाला नीट ऐकू न येणारा पण छातीत आणि खुर्चीत जाणवणारा. प्रोग्रॅमर मित्रांनो, डेटा न पाठवता नुसता इव्हेंट पाठवायचा आणि काम क्लायंटने करायचं, ही युक्ती १९७४ ची आहे.

हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये छताच्या गिलाव्याचे तुकडे पडायला लागले म्हणून वर जाळी बांधावी लागली. त्याच हिवाळ्यात 'द गॉडफादर पार्ट २' लागला होता. जिथे हे दोन्ही शेजारशेजारच्या पडद्यांवर होते तिथे गॉडफादरवाल्यांची तक्रार, की आमच्या शांत प्रसंगात भिंतीपलीकडून भूकंप येतोय. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार अक्षरशः हीच आहे. 'अर्थक्वेक'ला ध्वनीचं ऑस्कर मिळालं, सेन्सराउंड मात्र आणखी मोजक्या सिनेमांनंतर संपलं. एवढे हॉर्न लावायचे आणि शेजारच्या पडद्याचं तिकीट बुडवायचं, हा धंदा मल्टिप्लेक्समध्ये बसणारा नव्हता.

पण चव लागली ती लागलीच. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रतींमध्ये पडद्यामागच्या पाचपैकी दोन स्पीकर नुसत्या बाससाठी राखून ठेवले. जानेवारी १९९५ मध्ये डॉल्बीचा ५.१ आवाज लेझरडिस्कवर घरी आला. त्यातला '.१' म्हणजे निव्वळ हादऱ्याचा चॅनेल. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली आणि भूकंप ड्रॉइंग रूममध्ये मुक्कामाला आला.

मधल्या काळातला एक फाटा थोडक्यात सांगतो. १९८० च्या आसपास उलटीच फॅशन होती : स्पीकरखाली धातूचे टोकदार खिळे लावून तो जमिनीला घट्ट रोवायचा. गालिच्यावर डुलणारा उंच स्पीकर स्थिर होतो, हे खरं. पण 'खिळ्यातून कंपन खाली निघून जातं आणि परत येत नाही' असं दुकानदार सांगायचे, अजूनही सांगतात. खिळा म्हणजे व्हॉल्व्ह नाही. जे खाली जातं ते वरही येतं.

आता पाटाकडे. मेकॅनिकलच्या पहिल्या व्हायब्रेशनच्या तासाला जे शिकवतात तेच इथे लागू होतं, पण बहुतेक लोक विसरतात. वजन स्प्रिंगवर ठेवलं की त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीच्या १.४ पटीच्या वर स्प्रिंग हादरा अडवते. त्या लयीच्या जवळपास मात्र ती हादरा वाढवते. आणि ही लय काढायला प्रयोगशाळा लागत नाही, पट्टी पुरते. सबवूफर ठेवल्यावर पाट किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये.

करून बघू. चार कडक रबरी बुटं लावली, अर्धा मिलिमीटर दबली. लय २२ हर्ट्झ. म्हणजे सिनेमातला स्फोट जिथे असतो नेमकं तिथेच तुमची बुटं हादरा वाढवणार! ५ मिलिमीटर दबणारा पाट असेल तर लय ७ हर्ट्झ, आणि साधारण १० हर्ट्झच्या वरचं सगळं कमी व्हायला लागतं. त्यातही रबर आणि फोम हलताना, स्थिर असताना दिसतात त्यापेक्षा कडक वागतात, म्हणून थोडं जास्तच दबू द्या. पाट बनवायचा तर वर जड प्लायवूड किंवा एमडीएफची फळी आणि खाली वजनाला साजेसे मऊ तुकडे. गच्च भरलेला जाड फोम दिसायला भारी दिसतो, पण दबत नसेल तर ते नुसतं फर्निचर आहे. १० किलोच्या सबवूफरसाठी चांगला पाट ३० किलोच्या खाली चपटा होईल, आणि उलट केलं तर तो हलणारच नाही. त्यामुळे 'सगळ्यांना चालेल' असं लिहिलेल्या पाटापासून सावध.

बरं, असा नीट पाट केला. काकू खूश?

हिशोब करू. सबवूफरचा हलणारा पडदा समजा २०० ग्रॅमचा, २० हर्ट्झला मधल्या जागेपासून १० मिलिमीटर पुढे, १० मागे. खोक्याला बसणारा उलटा धक्का येतो सुमारे ३२ न्यूटन, म्हणजे तीनेक किलोचं वजन सेकंदाला वीसदा ढकलल्यासारखा. हा धक्का पाट अडवतो. पण त्याच वेळी खोलीतली हवाही जमिनीला ढकलत असते. १०० डेसिबल म्हणजे २ पास्कल दाब, दहा बाय बाराच्या खोलीची जमीन ११ चौरस मीटर, म्हणजे सरासरी २२ न्यूटन. धक्क्याचे ३२ हा त्याचा कमाल आकडा होता, त्याचीही तशीच सरासरी काढली तर २२-२३ च येतात. म्हणजे हवा एकटीच तेवढा जोर लावते, आणि हवेच्या वाटेत तुमचा पाट नाहीच. ती भिंतींवरही बसते, खिडकीच्या काचांवरही.

म्हणूनच अमेरिकन लोक पाटाची इतकी तारीफ करतात आणि पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तो तितका चालत नाही. त्यांच्या हलक्या फळ्यांवर एका जागी दिलेला धक्का नगारा वाजवल्यासारखा पसरतो. आपला पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोचा असतो. तो अशा धक्क्याने फारसा हलतच नाही, त्यामुळे पाटाने वाचवण्यासारखं थोडंच उरतं. खाली जातो तो बराचसा हवेतून गेलेला बास. तुमच्या घरी लाकडी मजला असेल, कोकणातल्या जुन्या माडीसारखा, तर पाट जरूर करा. फ्लॅटमध्ये टीव्ही युनिटची काच खुळखुळते तेवढी कदाचित थांबेल.

आणि काकू पोलिसांत गेल्या तर? आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल, पण 'ए' मापाने. हे 'ए' माप १९३६ च्या अमेरिकन मानकातून आलं, हलक्या आवाजांना कान कसा प्रतिसाद देतो त्यावर बेतलेलं, आणि ते खालचे स्वर जवळजवळ पुसून टाकतं. ३१.५ हर्ट्झला ते ३९ डेसिबल वजा करतं. काकूंच्या बेडरूममध्ये ८५ डेसिबलचा बास घुमत असेल, झोप लागणं अशक्य असेल, तरी मीटरवर दिसेल ४६. मला हे खटकतं. नियम मोडला नाही म्हणून त्रास झाला नाही असं होत नाही, आणि कागदावर हरणारी बाजू नेहमी खालच्या मजल्यावरचीच असते.

फुकटातला उपाय तुमच्या रिसीव्हरमध्येच पडून आहे. डॉल्बीने ५.१ बनवताना स्फोट आणि कुजबुज यांतलं अंतर कमी करणारी माहिती आवाजासोबतच पाठवायची सोय केली होती. मेन्यूत ती 'नाइट मोड' किंवा तत्सम नावाने सापडेल. १० वाजले की ती चालू करा आणि सबवूफर खाली आणा.

आणि हादरा हवाच असेल, तर एक उलटा मार्ग आहे. सोफ्याच्या चौकटीला खालून स्क्रूने बसवायचे छोटे शेकर मिळतात. पडदा नाही, हवा हलवत नाहीत, फक्त आतलं वजन वर-खाली करून सोफा हलवतात. सेन्सराउंडला जे खुर्चीत पोचवायला अख्खं थिएटर थरथरवावं लागलं, ते यात थेट खुर्चीलाच मिळतं. फक्त मग मऊ रबराचे तुकडे सबवूफरखाली नाही, सोफ्याच्या पायांखाली ठेवायचे. किती मऊ, ते सोफ्यावर माणसं बसवून पट्टीने मोजा. सूत्र तेच, १५.८ भागिले वर्गमूळ.