झुंजार अजून फडताळातच आहे

करमाडला जालना रोडला लागून आमचं दुकान होतं. सायकली तासाच्या भाड्यानं, पुस्तकं रोजाच्या. गल्ला एकच. वडिलांनी सुरुवात केली ती सायकलींवर. पुस्तकं आली रेल्वेच्या माणसांमुळे. आमची ही लाइन १९०० सालची, निजामाच्या रेल्वेची, तेव्हा मीटरगेज. मुंबईहून येणाऱ्याला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. तिथल्या फलाटावर घेतलेली रहस्यकथा करमाड येईस्तोवर वाचून संपायची. संपलेली रहस्यकथा घरी नेऊन करायचं काय? ती निम्म्या किमतीत आमच्याकडे यायची आणि दुसऱ्या दिवसापासून भाड्यावर फिरायची.

त्यातली काही अजून माझ्या फडताळात आहेत. परवा एक काढून पाहिली. कागद वर्तमानपत्राचा, कडा तपकिरी होऊन मोडायला लागलेल्या, पिनांचा गंज दोन्ही बाजूंच्या पानांवर उतरलेला. पुठ्ठ्यावर वडिलांच्या अक्षरात आमचा नंबर आणि आतल्या पानांच्या कडांना वाचणाऱ्यांची शेरेबाजी. 'हाच खुनी' असं मध्येच लिहून ठेवणारा एक गँगमन आमच्याकडे होता. त्याचं अक्षर ओळखून लोक ते पान बोटानं झाकून वाचत. शेवटचं पान मात्र कुणी फाडलं, तर वडील त्याची पूर्ण किंमत वसूल करत, मग तो कितीही जवळचा असो. शेवटच्या पानाशिवाय रहस्यकथेला भाडं येत नाही.

सगळ्यात जास्त मागणी बाबूराव अर्नाळकरांना. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. चष्म्याचं दुकान सांभाळून या माणसानं जे लिहिलं, त्याचा आकडा गिनीज बुकात गेला: १९३६ ते १९८४ या काळात १,०९२ रहस्यकथा. झुंजार आणि त्याची विजया, काळापहाड, डिटेक्टिव्ह धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची पात्रं. करमाडसारख्या गावात ज्यानं मुंबईचा समुद्र पाहिला नव्हता, त्यालाही गिरगावातल्या गल्ल्या तोंडपाठ झाल्या त्या यांच्यामुळे. मुखपृष्ठ रघुवीर मुळगावकरांचं असलं की पुस्तक दुकानात टिकायचंच नाही. स्टेशनचा पोर्टर सायकलवरून खालीही न उतरता विचारायचा, "भाऊ, नवा झुंजार आला का?" आणि पुस्तक परत करताना त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, "याचा पिक्चर का काढीत नाहीत हो?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर शोधतो आहे. कारण दुसरीकडे तर हे अगदी सहज घडत होतं. अमेरिकेत टारझन १९१२ साली एका स्वस्त मासिकातून लोकांसमोर आला. झोरो १९१९ साली तसल्याच मासिकात क्रमशः छापून आला आणि पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सनं तो पडद्यावर उभा केला. फ्लॅश गॉर्डनची चित्रपट्टी १९३४ मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाली आणि १९३६ मध्ये तिची सिरियल थिएटरांत लागली. ज्या १९३६ पासून अर्नाळकरांच्या कथा मोजल्या जातात, त्याच वर्षी फेब्रुवारीत ली फॉकचा फँटम वर्तमानपत्रात अवतरला. सात वर्षांत त्याचीही सिरियल आली.

आपल्याकडेही धाडस कमी नव्हतं. कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल मूकपटांच्या काळात तलवार घेऊन अशा उड्या मारत की लोक त्यांना भारताचा फेअरबँक्सच म्हणत. तेच पुढे 'आलम आरा'चे नायक झाले. होमी वाडियांनी १९३७ मध्ये 'तूफानी टारझन' काढला आणि १९५८ मध्ये टारझनचंच देशी रूप 'झिंबो' म्हणून आणलं. म्हणजे परक्या मासिकांतला नायक मुंबईच्या स्टुडिओत पोचला आणि त्याच मुंबईत लिहिला जाणारा, मराठी माणूस दर महिन्याला वाट पाहत असलेला नायक बाहेर उभा राहिला. मला याचं वाईट वाटायचं आणि अजूनही वाटतं.

फँटमचं, म्हणजे आपल्या वेताळाचं सांगतो. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, तेव्हा फँटमचं बेंगाला हे राज्य आपल्या बंगालशी घोटाळा नको म्हणून डेंकाली झालं. मराठी अंक आमच्या दुकानात आले की शाळेची मुलं सायकल सोडून तेच मागत. १९९६ मध्ये बिली झेनचा फँटम मोठ्या खर्चानं पडद्यावर आला आणि पडला. मी तो नंतर टीव्हीवर पाहिला. मला तो आवडला. निर्मात्यांनी त्याला १९३० च्या दशकातच ठेवलं होतं, जांभळ्या पोशाखाची लाज बाळगली नव्हती. पण वेताळावर लहानपण काढलेली आमची पोरं तोवर बाप झाली होती आणि नव्या पोरांना तो कोण हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मधली साखळी तुटली की असं होतं.

मराठीत साखळी टिकली ती मुलांच्या नायकांची. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये सुरू झाला आणि रोज येत राहिला, म्हणून २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी चित्रपट केला तेव्हा चिंटूची ओळख करून द्यावी लागली नाही. तीन-चार चौकटींच्या विनोदाला दोन तास कसे पुरणार, ही धास्ती मला होती. त्यांनी मुलांचं क्रिकेटचं मैदान एका दादाच्या घशात घातलं आणि ते परत मिळवण्याची लढाई केली. हा निर्णय फार शहाणपणाचा. शहरातल्या मुलाचं खरं साम्राज्य म्हणजे घराजवळची मोकळी जागाच. पुढच्या वर्षी दुसरा भागही आला.

आणि फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आलेला, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा आणि तोंडानं 'टॉक्' करणारा. आमच्या दुकानात त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे: पुस्तक परत केलं की पोरगं तासभर सायकल मागायचं आणि स्टेशनच्या रस्त्यानं फाटकापर्यंत सुसाट जायचं. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला होता. मग २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला. मी तो मुलाबरोबर प्रोझोन मॉलमध्ये पाहिला. अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात येतो आणि परीक्षेच्या धंद्यात बरबटलेल्या अप्पाशी, म्हणजे गिरीश कुलकर्णींशी, त्याची गाठ पडते. खुद्द भागवतांनाच दिलीप प्रभावळकरांच्या रूपात गोष्टीत आणलं, ही गोष्ट मला मनापासून भावली. लेखकाचा इतका मान आपल्या सिनेमात क्वचित राखला जातो. फेणेचं वय वाढवलं, काळ बदलला, तरी निरागस हट्ट तोच ठेवला. माझी तक्रार एकच. भागवतांचा फेणे पुस्तकांत हसत हसत संकटात शिरायचा, इथं मृत्यूची सावली सुरुवातीपासून पडते.

मोठ्यांच्या रहस्यकथांचं काय झालं ते मात्र विचित्र आहे. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास अशी फौज उभी केली. चित्रपट गाजला तो त्यांच्या कॉलेजच्या कादंबरीवरचा, 'दुनियादारी', २०१३ साली. नारायण धारपांच्या भयकथेचा अंश 'तुंबाड'मध्ये गेला, तोही हिंदीत. २०१८ ला आला तेव्हापेक्षा २०२४ ला पुन्हा लावल्यावर त्यानं जास्त गर्दी खेचली. महेश कोठारेंच्या 'धडाकेबाज'मधला कवट्या महाकाळ पाहताना मला नेहमी वाटतं, हा आमच्या फडताळातूनच उठून गेलाय. दहशत घालणारा, चेहरा नसलेला खलनायक आणि शेवटी उघड होणारी ओळख हा तर रहस्यकथांचा जुनाच मसाला. तो पडद्यावर चालतो, हे १९९० मध्येच सिद्ध झालं होतं.

मग झुंजार का राहिला? मला वाटतं, त्याला कुणी आपलं साहित्य मानलं नाही. शाळेच्या कपाटात तो नव्हता, गावच्या वाचनालयात नोंदवहीबाहेर असायचा, मास्तर स्वतः आमच्याकडून नेत पण पिशवीत घालून. चित्रपटवाले कथा शोधायला गेले ते मान असलेल्या पुस्तकांकडे किंवा तमाशाच्या फडाकडे. मोटारींचे पाठलाग, बंदरातली चकमक, रोज नवा वेष, याला पैसा लागतो आणि मराठी निर्मात्याकडे तो नव्हता, हेही खरंच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कागद. जी वस्तू वाचून टाकून द्यायची म्हणून छापली, ती आता शोधूनही मिळत नाही. दिग्दर्शकानं वाचायचं तरी काय?

तरीही कुणी हात घातला, तर माझं मागणं आहे की झुंजारच्या हातात मोबाइल देऊ नका. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद झाली. त्याच्या अलीकडचं गिरगाव उभं करा. चेहरा शोधत बसायची गरज नाही, मुळगावकरांची मुखपृष्ठं समोर ठेवून नट निवडा. विजयाला शोभेची बाहुली करू नका, ती त्याच्या बरोबरीनं संकटात उतरणारी बाई आहे. आणि सुरुवात एकाच छोट्या कथेपासून करा, जी मनमाड ते करमाड एवढ्या प्रवासात वाचून संपते. माझ्याकडच्या प्रती शेवटच्या पानासकट शाबूत आहेत. ज्याला खरंच काम करायचं आहे, त्यानं यावं, इथं बसून वाचाव्यात. भाडं घेणार नाही.