खरं नाणं, खोटं नाणं : वत्सगुल्मच्या ताम्रपटापासून शिवराईपर्यंत

आजचा विषय वरवर पाहता छंदाचा आहे. जुनी नाणी जमवणं, आणि जमवताना 'हे खरं की बनावट?' या चिंतेनं झोप उडणं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं यावर काय बोलावं, असं आपल्याला वाटेल. पण ही चिंता निव्वळ पैशाची नाही. एखाद्या गोष्टीला आपण 'खरी' म्हणतो ते कशाच्या आधारावर, हा तिच्यामागचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचं फार चांगलं उदाहरण आपल्या वाशीम जिल्ह्याच्या मातीतच सापडतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. कामसूत्रात या प्रदेशाचा उल्लेख येतो. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला. म्हणजे नगराची कीर्ती होती. पण इथे कोण राज्य करत होतं? याचं उत्तर बराच काळ कुणाजवळच नव्हतं. वाकाटकांचं एक घराणं विदर्भात होऊन गेलं एवढं माहीत होतं. त्यांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्मला नांदत होती, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं.

१९३९ साली वाशीमला एक ताम्रपट मिळाला. तांब्याचे चार पत्रे. दुसऱ्या विंध्यशक्तीनं आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्महून दिलेलं हे दानपत्र. वंशावळीचा भाग संस्कृतात, बाकीचा मजकूर प्राकृतात. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. मग अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला वराहदेवाचा शिलालेख पुन्हा तपासला गेला. तो लेख झिजलेला, आणि आधीच्या अभ्यासकांनी त्यातली काही नावं वेगळी वाचली होती. वाशीमचा पत्रा शेजारी ठेवल्यावर ती अक्षरं बोलू लागली. सर्वसेन, विंध्यसेन, पुढे प्रवरसेन, देवसेन आणि हरिषेण. एक अख्खं राजघराणं उजेडात आलं.

आता जरा थांबून विचार करा. चार पत्र्यांवर एक घराणं उभं राहिलं. तेच पत्रे जर कुणी कारागिरानं बनवलेले असते तर? तर खोटं घराणं उभं राहिलं असतं, मुलांनी त्याच्या सनावळ्या पाठ केल्या असत्या. म्हणून बनावट वस्तूची भीती ही फक्त गिऱ्हाइकाची भीती नव्हे, ती सगळ्या समाजाच्या स्मरणशक्तीची भीती आहे.

आणि ताम्रपट बनावट करणं ही काही आजची कल्पना नाही बरं का. मनुस्मृतीत खोटी राजशासनं करणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. गुन्हा घडत होता म्हणूनच शिक्षा सांगावी लागली. उत्तर प्रदेशात मधुबन इथे सापडलेला हर्षवर्धनाचा ताम्रपट आहे, सातव्या शतकातला. त्यात सरळ लिहिलं आहे की सोमकुंडक हे गाव वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे खोट्या सनदेच्या जोरावर उपभोगत होता. ती सनद मोडून गाव दुसऱ्यांना दिलं. समुद्रगुप्ताच्या नावाचा गयेचा ताम्रपट फ्लीटसारख्या जाणकारानं बनावट ठरवला. म्हणजे ताम्रपटाइतकाच खोटा ताम्रपटही जुना आहे.

मग वाशीमच्या पत्र्यांवर आपण विश्वास का ठेवतो? तांबं जुनं दिसतं म्हणून नव्हे. विश्वास ठेवतो तो त्यांना शेजारी आहेत म्हणून. अजिंठ्याचा लेख हा एक शेजारी. दुसरा तर वाशीमच्या अगदी जवळ आहे. हिस्से बोराळ्याचा देवसेनाच्या काळचा शिलालेख. सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची त्यात नोंद आहे, आणि शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८ हा काळ दिला आहे. वाकाटकांच्या लेखांत ज्ञात शकाचा आकडा देणारा हा एकमेव लेख मानतात. दगड एकीकडे, तांबं दुसरीकडे, लेणं तिसरीकडे; कोरणारे वेगळे, कारणं वेगळी, आणि तरी सगळे एकाच घराण्याकडे बोट दाखवतात. खऱ्या वस्तूला असे शेजारी असतात. खोटी वस्तू एकटी असते.

हा धागा धरून आता शिवराईकडे येऊ. १६७४ साली राज्याभिषेक झाला, आणि महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. फारसी मजकुराच्या नाण्यांच्या काळात देवनागरी अक्षरं! होन अतिशय दुर्मीळ. शिवराई मात्र पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच मजकुरानं निघत राहिली, एकोणिसाव्या शतकातही बराच काळ बाजारात चालली. म्हणून आपल्याकडे रिसोड असो, कारंजा असो, मंगरूळपीर असो, एखाद्या घरी देवाऱ्यात शिवराई निघाली तर त्यात नवल नाही. पण शिवराई निघाली म्हणजे ती महाराजांच्याच काळातली, असं मात्र होत नाही. नंतरची शिवराईसुद्धा अस्सलच आहे, फक्त नंतरची आहे. हा फरक आधी ध्यानात घ्या. बाजारात निम्मी फसवणूक इथेच होते. नाणं खरं असतं, त्याची सांगितलेली गोष्ट खोटी असते.

पेशवाईत टांकसाळी चालवण्याचे परवाने खाजगी माणसांना दिले जात. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर निबंध लिहिला, तो अवश्य वाचा. गावोगावचे ठसे वेगळे, खोदणारे हात वेगळे, वजनं वेगळी. त्यात हिणकस नाणंही शिरायचं. त्यावर त्या काळाचा उपाय होता सराफ. सराफ नाणं वाजवून बघे, कसाला लावी, बट्टा कापून घेई. चांदीच्या रुपयावर आपली बारीक खूणही ठोकी. कौटिल्यानं तर नाणी तपासायला रूपदर्शक नावाचा अधिकारीच नेमायला सांगितला आहे. पारख ही त्या काळी रोजच्या व्यवहाराची गरज होती. आज सराफाच्या जागी फोनवरचा फोटो आला, आणि आपण पारख हरवून बसलो.

आता आजच्या नकला. व्याख्यान संपल्यावर मंडळी रुमालात बांधून नाणी आणतात, "सर, हे खरं हाय का जी?" म्हणून विचारतात. म्हणून थोडक्यात सांगतो. जुनी शिवराई ठोकून पाडलेली असते. तांब्याच्या गोळ्यावर ठसा ठेवून घण घातला की ठसा कधी सरकतो, अक्षरं अर्धीच उमटतात, कड वेडीवाकडी होते. नक्कल बहुधा साच्यात ओतलेली असते. ओतीव नाण्याच्या अंगावर बारीक छिद्रं, अक्षरांच्या कडा मऊ, कधी कडेवर जोडाची रेघ. होनाच्या नकलेत तर सगळा मजकूर मधोमध, सुबक, पूर्ण. इतकं नीटनेटकं दिसलं की आधी शंका घ्यावी. आणि सर्वांत पक्की खूण ही, की दोन नाण्यांवर एकच अपघात दिसला, तीच चीर, तोच टवका, त्याच जागी, तर दोन्ही एकाच साच्यातून आली. ठसा तोच असू शकतो. पण घणाचा घाव दोनदा सारखा बसत नाही.

ही चिंता फक्त नाण्यांचीच नाही. व्यायामाच्या दुकानात मूठ आवळायची स्प्रिंगची पकड मिळते, हँड ग्रिपर. सँडो नावाच्या मल्लानं शंभरेक वर्षांपूर्वी स्प्रिंगचे डंबेल्स विकले, त्याच जातीची ही वस्तू. परदेशात ती जमवणारेही आहेत. १९९० सालापासून अमेरिकेत निघणाऱ्या 'कॅप्टन्स ऑफ क्रश' पकडींवर नंबर असतो. ३ नंबरची पकड मिटायला २८० पौंडांचा जोर लागतो असं सांगतात. तिथेही नकलेची धास्ती आहेच. पण एकाच नंबरच्या दोन अस्सल पकडीही सारख्या कठीण नसतात, म्हणून जाणकार पकडीला वजन टांगून तिचा खरा जोर मोजतात. तिथे नंबर हे एक वचन असतं, आणि वचन पाळलं की नाही ते मोजता येतं. नाण्याचं वचन मात्र भूतकाळाबद्दलचं असतं. 'मी त्या काळातून आलो,' असं ते म्हणतं. हे वचन कुठल्या मुठीत आवळून तपासणार?

आपल्या दर्शनांत शिंपल्याला चांदी समजण्याचं उदाहरण पुन्हा पुन्हा येतं. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात खरंच मानावं, बाधक पुरावा येईपर्यंत. नैयायिक म्हणतात, तसं नाही, त्याचं खरेपण बाहेरून ठरतं. पाणी समजून गेलात आणि तहान भागली, तर ते पाणी. पकडीच्या बाबतीत नैयायिकांचा हा उपाय सरळ चालतो. नाण्याची तहान कुठे भागायची? आम्हाला वाटतं, शेजाऱ्यांत. म्हणजे ते कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं, किती खोलीवर, कोणत्या मडक्यात. नकलाकार तांबं जुनं दिसेल असं करू शकतो, अक्षर गिरवू शकतो. पण जमिनीतली जागा त्याला बनवता येत नाही.

आणि नेमकं हेच आपण फेकून देतो. नांगरटीत काही लागलं की आधी ते चिंचेनं घासून लख्ख करतो, मग गुपचूप विकतो. जागा विसरली जाते, आणि अस्सल नाणंही एकटं पडतं. उद्या ते नकलांच्या ढिगात गेलं तर ते खरं आहे हे सांगायला कुणी साक्षीदार उरत नाही. नकला खऱ्या नाण्याचा भाव पाडतात हे नुकसान छोटं. आपण खऱ्यालाच अनाथ करतो, हे मोठं.

म्हणून विनंती एवढीच. जमिनीत काही सापडलं तर घासू नका, जागा लिहून ठेवा, शक्य तर तिथेच फोटो घ्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ सालचा गुप्तनिधी कायदा दहा रुपयांवरच्या निधीची खबर देण्याची जबाबदारी सापडवणाऱ्यावर टाकतो, आणि त्याचा हक्कही विचारात घेतो. विकत घेत असाल तर नाण्याच्या आधी त्याचा मागचा मालक विचारा. देवाऱ्यातल्या शिवराईची गोष्ट आजीकडून ऐकून कागदावर उतरवा. कुठून आली, कुणी ठेवली. हा कागद म्हणजे त्या नाण्याचा शेजारी.

वाशीमचे चार पत्रे कुणी वितळवून त्यांची घागर केली असती, तर वत्सगुल्मचे राजे कदाचित आजही अजिंठ्याच्या झिजलेल्या ओळींत अडकून राहिले असते. आपल्या शेतात अजून काय काय आहे, कोण जाणे. पुढच्या व्याख्यानात हिस्से बोराळ्याच्या लेखाकडे सविस्तर वळू.