उणे एक मोठा की अधिक एक?

संशोधनासाठी सी वापरणार असाल तर आधी एक छोटा प्रयोग करा. इंटमध्ये −१ ठेवा, अनसाइन्ड इंटमध्ये १ ठेवा, आणि पहिला दुसऱ्यापेक्षा लहान आहे का ते विचारा. उत्तर येतं, नाही! तुलनेआधी −१ चं रूपांतर अनसाइन्डमध्ये होतं आणि ३२ बिटांत ते ४,२९,४९,६७,२९५ होतं. माझ्या सिम्युलेशनमधला, सीमेवरच्या किमती सुधारणारा लूप −१ पासून सुरू व्हायचा. म्हणजे तो कधी चाललाच नाही. मी मात्र दोन आठवडे समीकरणांत चूक शोधत बसले.

हा नियम गणितातून आलेला नाही, इतिहासातून आलाय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची पीडीपी-११ वर सी घडवत होते, तेव्हा भाषेत अनसाइन्ड नव्हताच. इंट १६ बिटांचा, −३२७६८ ते ३२७६७. पण मेमरीचे पत्ते ० ते ६५५३५, आणि पत्ता उणे कसा असेल? म्हणून युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत बिनचिन्हाची संख्या हवी तिथे चक्क कॅरॅक्टर पॉइंटर वापरलेला दिसतो. जुगाडच म्हणा ना! १९७८ च्या कर्निघन-रिची पुस्तकात अनसाइन्ड आला. चारला चिन्ह असावं की नाही, हे मात्र मशीनवर सोडलं होतं.

पुढे कंपायलरांनी अनसाइन्ड चार आणला आणि खरा वाद पेटला. त्याची इंटशी गाठ पडली तर निकाल कुठला? बरेच जुने युनिक्स कंपायलर म्हणायचे, अनसाइन्ड. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणात समितीने उलट ठरवलं: सगळ्या किमती इंटमध्ये मावत असतील तर इंटच. जुने प्रोग्रॅम त्यामुळे गुपचूप वेगळं उत्तर देऊ शकतात, हे समितीनेच आपल्या स्पष्टीकरणात लिहून ठेवलंय. रूढ वापरात केलेला हा सर्वांत गंभीर बदल, असंही त्यात आहे. इतकी प्रामाणिक कबुली मला तरी क्वचित वाचायला मिळाली.

पण हा बदल फक्त छोट्या प्रकारांपुरता होता. अनसाइन्ड इंटच्या सगळ्या किमती इंटमध्ये मावत नाहीत, म्हणून तिथे जुनंच चालू राहिलं. तुमचा वरचा प्रयोग नेमका तिथलाच. सीचा प्रोग्रॅम जीसीसीला देताना नुसतं ‘-डब्ल्यूऑल’ दिलंत तर या तुलनेवर इशारा मिळत नाही. त्यासाठी ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ द्यावं लागतं.