परत पाहिलेला सिनेमा

परवा रात्री आर्थर पेनचा 'बॉनी अँड क्लाइड' पुन्हा पाहिला. बँक लुटून पळायचंय आणि ड्रायव्हर पोराने गाडी नेमकी दोन गाड्यांच्या फटीत नेऊन लावलेली! मी खदाखदा हसलो... आणि क्षणात क्लाइडने गाडीला लटकलेल्या माणसाच्या तोंडावर गोळी झाडली. हसू तिथेच विरलं.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच समीक्षकांना नेमकं हेच पचलं नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर तर तुटून पडले. खुनी दरोडेखोरांची कसली गंमत करता? 'न्यूजवीक'च्या जो मॉर्गनस्टर्न यांनीही सिनेमा झोडपला. मग ते बायकोला घेऊन परत गेले, प्रेक्षकांत बसून पाहिला आणि पुढच्याच अंकात लिहिलं, की माझं आधीचं परीक्षण अन्यायाचं होतं! ऑक्टोबरमध्ये पॉलीन केल यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये लांबलचक लेख लिहून सिनेमाची बाजू घेतली. पुढे १० ऑस्कर नामांकनं, त्यांपैकी २ पुरस्कार.

क्राउदर मात्र शेवटपर्यंत ठाम. १९६८ मध्ये त्यांच्या जागी रेनाटा ॲडलर आल्या. आज त्यांना सगळे हसतात, पण मला हसवत नाही. खऱ्या टोळीने पोलीस मारले, साधी माणसंही मारली. त्यांच्या घरच्यांच्या वतीने कुणीतरी बोलायला हवंच होतं की!

आणि मॉर्गनस्टर्न? मी इथे कितीतरी सिनेमे फाडलेत, मंडळी. परत जाऊन पाहिला असा एकही नाही.

असो. या रविवारी एक यादी काढतोय.