गर्भवतीच्या रक्ताची गणना

गर्भवतीच्या रक्तांतील प्लेटलेट कमी निघाल्या कीं माळशिरसच्या घरांत काय किंवा मुंबईच्या घरांत काय, सारखीच काळजी उत्पन्न होते. पण त्या अंकाचा अर्थ लावण्याची विद्या हळूहळू सिद्ध झाली आहे.

इटलींतील बिझ्झोझेरो यानें १८८२ सालीं ह्या सूक्ष्म चकत्यांचें रक्त गोठविण्याचें कार्य ओळखलें. पुढें १९२८ सालीं ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणींत राबणाऱ्या गरीब गर्भवतींना त्या वेळीं जीवघेणा पंडुरोग होई. त्याचें मूळ अन्नांतील उणिवेंत आहे, असें विल्स यांनीं ताडलें. यीस्टच्या अर्कानें स्त्रिया बऱ्या झाल्याचें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल वेगळें काढण्यांत आलें, आणि उणीव होती ती ह्याच द्रव्याची, हें कळून आलें. त्याच्या अभावीं तांबड्या पेशींप्रमाणें प्लेटलेटहि घटतात.

दर घन मिलिमीटरास दीड लाखांहून कमी गणना उणी समजतात. गरोदरपणाच्या अखेरीस ती किंचित् उतरणें बहुधा निरुपद्रवी असतें. प्रसूतीनंतर ती आपोआप भरून येते. परंतु रक्तदाब वाढला, डोकें ठणकूं लागलें किंवा वरच्या पोटांत कळ आली, तर तीच घट प्राणसंकटाची सूचना होय. केव्हां नळींत चकत्यांच्या गुठळ्या होऊन यंत्रहि चुकीचा अंक दाखवितें. तेव्हां रक्त कांचपट्टीवर पसरून पुन्हां पाहावें लागतें. म्हणून एकट्या अंकावरून भिऊं नये, आणि निर्धास्तहि राहूं नये.